उलटतपासणी: प्रश्न नाहीत

साळवे, तुमच्या प्रज्ञाचा मंगळवारी फोन आला. रविवारी कळव्याच्या विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे आणि तुमच्याबरोबर काम केलेल्यांनी लिहिलेलं तिथे वाचून दाखवायचं ठरलं आहे. "काकू, तुम्ही दोन पानं द्या. पप्पा तुमचं नाव फार घ्यायचे," असं ती म्हणाली. नाव घ्यायचे म्हणजे कसं घ्यायचे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मला स्तुती लिहिता येत नाही. वागळे इस्टेटमधल्या त्या पंपांच्या कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात आयुष्य काढलं. हातून लिहून झाली ती आरोपपत्रं, ताकीदपत्रं आणि कारणे दाखवा नोटिसा. तुम्ही कुठल्या गावचे, किती भावंडं, कोणकोणती पदं भूषवली, हे सगळं दुसरं कोणीतरी सांगेलच. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते तुम्ही मला न विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल. वीस-बावीस वर्षं तो आपल्या दोघांमध्ये तसाच पडून आहे. तो रविवारी तुमच्या माणसांसमोर वाचला जावा की नाही, हे मला हा कागद संपेपर्यंत ठरवायचं आहे.

पण सुरुवातीपासून सांगते. तुम्हालाही तसंच लागायचं, आधी आरोप, मग पुरावा.

मी नोकरीला नवीन होते. पेंटिंग खात्यातल्या एकावर विनापरवानगी गैरहजेरीचा आरोप होता आणि त्याची चौकशी ही माझी पहिलीच. कामगाराला शिक्षा करायची तर आधी आरोपपत्र द्यायचं, मग त्याची बाजू ऐकायची, आणि त्याच्या वतीने त्याचा एखादा सहकारी बोलू शकतो, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात याला नैसर्गिक न्याय म्हणतात. आपल्या कारखान्यात याला 'साळवेला बोलवा' म्हणत. तुम्ही लेथ बंद करून आलात, हात पुसलेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टँडिंग ऑर्डर्सचं, म्हणजे कारखान्याच्या नियमांचं, तेलकट पुस्तक काढून टेबलावर ठेवलंत. चौकशी अधिकारी म्हणून ठाण्याचे एक वकील बसले होते. ते कोटात, तुम्ही निळ्या डगल्यात. मला वाटलं, अर्ध्या तासात उरकेल.

मी कामकाज इंग्रजीत लिहून घेतलं होतं आणि सहीसाठी कागद त्या माणसापुढे सरकवला. तुम्ही त्यावर पंजा ठेवलात.

"मॅडम, कागद इंग्रजीत आहे, माझा माणूस सही मराठीत करणार. कशावर केली ते त्याला कसं कळायचं? वाचून दाखवा."

अकरा पानं होती. मी उभ्याने एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि सातव्या पानावर अडले. तो माणूस म्हणाला होता, बायको बाळंतपणात दगावता दगावता वाचली. मी लिहिलं होतं, समाधानकारक खुलासा नाही. दोन्ही वाक्यं माझ्याच समोर होती, एक कागदावर आणि एक त्याच्या तोंडावर. मला लाज वाटली. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं, तो माणूस नुसत्या समजेवर सुटला आणि मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून चांगली हजेरी घेतली. त्या दिवसापासून मी प्रत्येक चौकशी मराठीत लिहिली, आणि प्रत्येक पानाखाली 'वाचून दाखवले, बरोबर आहे' असं लिहिल्याशिवाय सही घेतली नाही. लोक म्हणायचे मॅडम फार काटेकोर. काटेकोरपणा तुमचा होता, मी तो वापरला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं.

पुढे आपण कितीदा समोरासमोर बसलो याची मोजदाद नाही. मी कंपनीच्या बाजूने, तुम्ही आरोपीच्या. कामगार तुम्हाला 'वकील' म्हणायचे आणि तुम्ही चिडायचात, कारण वकिलाला फी मिळते. दहावी झालेला टर्नर माणूस, पण साक्षीदाराला प्रश्न विचारायला लागलात की कोटातले वकीलसुद्धा पुढे सरकून ऐकायचे. आवाज कधी चढवला नाहीत. साध्या साध्या गोष्टी विचारायचात. तुम्ही तेव्हा कुठे उभे होता, मध्ये खांब आहे का, खांबाआडून दिसतं का. समोरचा उत्तरं देता देता आपणच विणलेल्या जाळ्यात जाऊन बसायचा.

तुमचा एक नियम होता, तो मला उशिरा कळला. गेटवरच्या मारामारीच्या चौकशीत सिक्युरिटीचा माणूस आमचा साक्षीदार होता. ठेकेदाराचा माणूस, गावाकडून नुकताच आलेला. त्याने काहीच पाहिलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि बसलात. तुमचा माणूस चार दिवस सस्पेंड झाला. संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर मी न राहवून विचारलं, तिसरा प्रश्न का नाही विचारलात? जिंकला असतात.

"तिसरा विचारला असता तर तो खरं बोलला असता. मग उद्या त्याची ड्यूटी गेली असती. माझ्या माणसाचे चार दिवस गेले, त्याचं सगळंच गेलं असतं. कंत्राटवाल्याला कोण चौकशी लावतो, मॅडम?"

मी म्हटलं, हा कायदा नव्हे, ही भूतदया. तुम्ही म्हणालात, तसं समजा. पोटावर पाय येईल असा प्रश्न मी नाय विचारत.

त्याच टपरीवर आपला तो कधीच न मिटलेला वाद सुरू झाला. कामगार कोण? मी तुम्हाला कलम दाखवलं. मॅनेजरकीचं काम करणारा माणूस कायद्याने कामगार नाही, म्हणून मी कामगार नाही, मी व्यवस्थापन. तुम्ही चहा फुंकत विचारलंत, तुमच्या हाताखाली किती माणसं? मी म्हटलं, एक शिपाई. त्यावर तुम्ही म्हणालात, तो पण अर्धा स्टोअरचा. आणि हसलात. हुद्द्यावर नाय जायचं मॅडम, काम काय करता ते बघायचं, असं कोर्टच सांगतं. ज्याला काढता येतं तो कामगार. मी म्हटलं, अशी व्याख्या कुठल्याही पुस्तकात नाही. तुम्ही म्हणालात, पुस्तक कोणी लिहिलं? वर्षानुवर्षं हा वाद आपण चवीने पुरवला. मी कधी हरले नाही, कारण कबूलच केलं नाही.

आता त्या चौकशीकडे येते.

नवीन फॅक्टरी मॅनेजर आले होते आणि जुन्या स्टाफमधलं एकेक नाव गळायला लागलं होतं. त्यातच तुम्ही प्रेस खात्यात जाऊन एक पॉवर प्रेस बंद केलीत. हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी काढून ठेवली होती, उत्पादन वाढवायला. मागच्याच महिन्यात एकाची दोन बोटं गेली होती. तुम्ही स्विच पाडलात आणि म्हणालात, जाळी लावा, मग चालू करा. सुपरवायझरने तीनदा सांगूनही तुम्ही बाजूला झाला नाहीत. आरोपपत्रात ते असं उतरलं: वरिष्ठांची आज्ञा मोडणे, कामात अडथळा आणणे, इतरांना चिथावणे. ते मीच टाइप केलं. एकही शब्द खोटा नव्हता, आणि जाळीचा शब्द कुठेच नव्हता.

मॅनेजरांना तुम्हाला काढायचं होतं. पण सतरा वर्षांच्या नोकरीत तुमच्यावर साधी ताकीदसुद्धा नव्हती, आणि शिक्षा ठरवताना मागचं रेकॉर्ड बघावं लागतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, साळवेची फाइल फारच पातळ आहे, बघा काय होतंय ते. आवाज गोड होता. जाता जाता त्यांनी माझ्या मुलाची शाळा कुठली, ते विचारलं.

मी फाइल जाड केली. तीन महिने आधीची तारीख टाकून एक ताकीदपत्र तयार केलं. कामगाराने पत्र घ्यायला नकार दिला तर त्यावर तसा शेरा मारतात आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, ही आपली रीत. मी शेरा मारला: 'पत्र समक्ष देऊ केले असता कामगाराने घेण्यास नकार दिला.' दोन सह्या मिळवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून उचलली. रविवार नाही, सुट्टी नाही, एवढंच पाहिलं.

तुमच्या वतीने बोलायला कोणी पुढे आलं नाही. ज्यांच्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं उभे राहिलात, त्या सगळ्यांना त्या आठवड्यात कामं निघाली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, बचाव प्रतिनिधी कोण? तुम्ही म्हणालात, माझा मीच. ते तेलकट पुस्तक तुम्ही याही वेळी टेबलावर ठेवलंत, पण उघडलं नाहीत.

मी साक्षीला बसले. अमुक तारखेला पत्र घेऊन मी स्वतः लेथ खात्यात गेले, तुम्ही घ्यायला नकार दिलात, असं सांगितलं. बोलताना मी तुमच्या डगल्याच्या खिशाकडे बघत होते. मग अधिकारी तुमच्याकडे वळले आणि म्हणाले, उलटतपासणी?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेजारच्या शेडमधल्या प्रेसचे ठोके येत होते, बरेच आले एवढं आठवतं.

"प्रश्न नाहीत."

ज्या साक्षीची उलटतपासणी होत नाही ती मान्य आहे असं धरतात, हे तुम्हीच मला कधीतरी शिकवलं होतं. मी माझ्याच हाताने लिहिलं, 'उलटतपासणी: प्रश्न नाहीत'. त्याखाली लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे'. तुम्ही सही केलीत.

तुम्हाला काढल्यावर आठवडाभराने कुठल्यातरी दुसऱ्याच कामासाठी मी गेटचं रजिस्टर चाळत होते. मी उचललेल्या त्या तारखेला तुम्ही कारखान्यात नव्हतातच. कंपनीच्याच कामाने, कंपनीच्याच गेटपासवर, तुम्ही दिवसभर ठाण्याच्या लेबर ऑफिसात होतात. पासवर खाली सही माझी होती. त्याची दुसरी प्रत ज्याचा पास त्याच्याकडे राहते. म्हणजे माझी साक्ष चालली होती तेव्हा तुमच्याकडे तो कागद असणार, आणि तारीख ऐकताक्षणी तुम्हाला सगळं कळलं असणार. एक प्रश्न पुरे होता. मॅडम, त्या दिवशी मी कुठे होतो?

तुम्ही तो का विचारला नाहीत, यावर मी फार विचार केला आहे. एक शक्यता अशी की तुम्ही हुकमाचं पान लेबर कोर्टासाठी राखून ठेवलंत आणि प्रकरण तिथवर गेलंच नाही. दुसरी शक्यता त्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याची. मी खरं बोलले असते तर त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली असती, आणि तुमच्या हिशेबी मीही कामगारच होते. पहिलं खरं असेल तर मला जरा हलकं वाटेल. बहुतेक दुसरं खरं आहे, आणि ते मला अजून पेलत नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी खरंच बोलले असते का, हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

अकरा महिन्यांनी युनियन आणि कंपनीमध्ये तडजोड झाली. तुम्हाला परत घेतलं, पण नव्याने नेमणूक म्हणून. सतरा वर्षं कागदावरून पुसली गेली. तुमचा टोकन नंबर होता ११४, तो झाला ३८८. तुम्ही ज्यांना लेथवर उभं राहायला शिकवलंत, ते तुम्हाला सीनियर झाले. नवीन कार्ड मीच तयार केलं आणि मीच तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते दोन्ही बाजूंनी वाचलंत, नेहमीसारखं, आणि म्हणालात, "मॅडम, तारीख आजचीच टाकलीय ना?"

बस, एवढंच. नंतर इतक्या वर्षांत त्या विषयावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मी हो म्हटलं आणि पुढचं कार्ड हातात घेतलं.

कारखाना बंद झाला तेव्हा ज्येष्ठतेची यादी लागली. तीही मीच टाइप केली. तुमचं नाव तळाशी होतं आणि तुम्हाला भरपाई मिळाली तीही तळाच्या माणसाइतकीच. त्याच आठवड्यात मलाही एक पत्र आलं, एक महिन्याची नोटीस, नियुक्तिपत्राच्या कलम नऊनुसार. चौकशी नाही, आरोप नाही, यादी नाही. टपरीवर मी ते तुमच्यापुढे धरलं. तुम्ही चष्मा लावून माझं जुनं नियुक्तिपत्र वाचलंत, पहिल्या ओळीपासून, बोट फिरवत. मग विचारलंत, सही करायच्या आधी हे वाचलं होतं का? दुसऱ्यांचे कागद आयुष्यभर वाचून दाखवणारी मी, स्वतःचा वाचला नव्हता. कामगार कोण, हा वाद तेव्हा तुम्ही एका वाक्यात जिंकला असतात. तुम्ही चहावाल्याला आणखी एक कटिंग सांगितलंत.

आता तिथे काचेची इमारत आहे. टपरी गेली. आपण फोनवर बोलत राहिलो, दोन-चार महिन्यांतून एकदा, आणि मागच्या खेपेला विषय होता प्रज्ञाचा. तिला घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि तिने तेवीस पानांचा करार मोबाइलवर न वाचताच 'आय ॲग्री' दाबून स्वीकारला होता. तुमचा संताप ऐकण्यासारखा होता. तुम्ही तिला समोर बसवून तेवीसच्या तेवीस पानं मोठ्याने वाचायला लावली होती. त्यात एक अट होती, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही. तुम्ही मला विचारलंत, ही अट चालेल का? मी म्हटलं, नाही चालत, नोकरी सुटल्यावर माणसाचं पोट बांधून ठेवणारा करार आपल्या कायद्यात टिकत नाही. तुम्ही म्हणालात, मला माहितीय, तिला तुमच्या तोंडून ऐकवायचं होतं, स्पीकरवर टाकलंय. पलीकडून प्रज्ञाचं हसू ऐकू आलं.

तिचं हसू ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, साळवे, स्पीकर बंद करा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे, जुनं आहे. तुम्ही स्पीकर बंद केलात.

"फोनवरची साक्ष धरत नाहीत, मॅडम. घरी या कळव्याला. चहा घेऊ, मग सांगा."

मी म्हटलं, गुडघा धरलाय, जरा बरं वाटलं की येते. डोंबिवलीहून कळवा काय लांब आहे? गुडघा आठवड्यात बरा झाला. मी आले नाही. पुढच्या आठवड्यात, मग पुढच्या महिन्यात, असं करत राहिले आणि मग जुन्या कामगारांच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, खाली भावपूर्ण आदरांजली. फोटो जुना होता, निळ्या डगल्यातला. मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहिते, कारण इथे खोटं लिहून आता काही मिळायचं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू दुसऱ्या दिवशी आलं, भाजी चिरताना, आणि बराच वेळ थांबलं नाही.

प्रज्ञा, यापुढचं तुझ्यासाठीही आहे. तुला स्तुती हवी होती, हे मला ठाऊक आहे. हे वाचायचं की नाही, ते तू आधी एकटीने वाचून ठरव. पण वाचलंस तर मधलं काही गाळू नकोस. पानं कशी वाचायची ते तुझ्या पप्पांनी तुला शिकवलं आहे.

साळवे, प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी उत्तर देते. मी, कर्णिक, राहणार डोंबिवली पूर्व, सत्य सांगते की ते ताकीदपत्र घेऊन मी तुमच्याकडे आले नव्हते. तुम्ही ते नाकारलं नव्हतं, कारण मी ते कधी देऊच केलं नव्हतं. ते नंतर लिहिलं आणि आधीची तारीख टाकली. त्या दिवशी तुम्ही ठाण्याला लेबर ऑफिसात होतात, गेटपासवर माझीच सही आहे. तुमच्यावर सतरा वर्षांत एकही ताकीद नव्हती. प्रेसची जाळी काढलेली होती, आणि तुमचं बरोबर होतं. साक्ष देताना मी कामगार होते.

सही आत्ता करत नाही. रविवारी येते, मागे कुठेतरी बसेन. आधी वाचून दाखवा.